लिनक्सला व्हायरस लागत नाही असं सांगून ठेवलं होतं, आणि बाबांनी पासवर्ड टाकला

रामबागेतला (इंदूर)

नमस्कार मंडळी. गेल्या मंगळवारी आमच्या घरी जे झालं ते सगळं लिहितोय, लांबेल जरा, पण इथल्या निम्म्या लोकांनी माझ्यासारखंच आईबाबांच्या जुन्या कंप्युटरवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलंय हे माहितीय म्हणून लिहितोय.

बाबांचा कंप्युटर २०१६ चा, आय-थ्री. विंडोज ११ त्यावर चढत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले तेव्हा मी त्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं, मराठी टायपिंग लावून दिलं, फायरफॉक्समधे बँक आणि पेन्शनची पानं लावली, आणि छातीठोकपणे सांगितलं की बाबा आता व्हायरसची काळजी सोडा, लिनक्सला व्हायरस लागत नाही. पहिले काही दिवस अपडेटच्या वेळी पासवर्ड मागितला की बाबा मला ऑफिसात फोन करायचे, टाकू का टाकू का, तर मीच म्हणालो, मागेल तेव्हा टाकत जा, काही होत नाही. हे वाक्य आता डोक्यातून जात नाहीये.

मंगळवारी दुपारी साडेबाराला फोन आला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं, हिंदीत, तुमचं जीवन प्रमाणपत्र अडकलंय, नोव्हेंबर संपत आला, पेन्शन थांबेल. बाबांचं प्रमाणपत्र खरंच राहिलं होतं त्यामुळे त्यांना पटलं. त्यानं एक लिंक पाठवली, त्यातून एक डेब फाइल (मिंटवर प्रोग्राम बसवायची फाइल) उतरली, बाबांनी डबल क्लिक केलं, खिडकी आली, पासवर्ड मागितला, बाबांनी टाकला. मी शिकवलं होतं तसंच. मग स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागला आणि तो माणूस म्हणाला की आता तुम्ही माउसला हात लावू नका, बँकेचं पान मी उघडतो.

आई तिथेच पलंगावर मेथी निवडत बसली होती. खातं दोघांचं आहे आणि ओटीपी आईच्या फोनवर येतो. फोन वाजला, तिनं हात पुसले, चष्मा शोधला, मेसेज वाचला आणि विचारलं, "अहो, तुम्ही कुणाला अठ्ठेचाळीस हजार पाठवताय?" बाबांनी रिसीव्हर ठेवला आणि उठून सरळ भिंतीवरचा स्विच बंद केला.

पैसे गेले नाहीत. संध्याकाळी येऊन मी ते अ‍ॅप काढून टाकलं, बाबांचा पासवर्ड बदलला. पण बाबा तेव्हापासून कंप्युटरला हात लावत नाहीयेत. मला विचारायचंय की अ‍ॅप काढलं एवढं पुरे आहे का, आणि मुळात लिनक्सच्या घरच्या कंप्युटरला नीट कडी-कुलूप कसं लावायचं, कारण आता कळतंय की मला त्यातलं काहीच येत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

बाकीचं नंतर वाच, आधी हे कर. बँकेला फोन करून नेटबँकिंग तात्पुरतं बंद करायला सांग, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदव, पैसे गेले नसले तरी नोंदव, तो नंबर आणि ती लिंक दोन्ही दे. बँक, ईमेल सगळ्याचे पासवर्ड बदल पण त्या कंप्युटरवरून नाही, तुझ्या मोबाइलवरून. आणि त्या कंप्युटरची नेटची वायर काढून ठेव, वायफाय असेल तर तेही बंद. आई-बाबांना धीर दे. माझ्या मावशीच्या बाबतीत ओटीपी तिच्याच फोनवर होता आणि विचारणारं कोणी घरात नव्हतं.

रामबागेतला (इंदूर)

केलं. बँकेनं लगेच बंद केलं, १९३० ला फोन लागायला वेळ लागला पण तक्रार घेतली. वायर काढलीय.

जुना_डेबियन (इंदूर, सुदामा नगर)

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, पुरे नाही. पूर्ण पुसून नव्यानं टाक. का ते सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

डेब फाइल म्हणजे नुसती झिप नाही, तिच्यात अ‍ॅपबरोबर छोट्या स्क्रिप्टही असतात, इन्स्टॉल व्हायच्या आधी चालणाऱ्या आणि नंतर चालणाऱ्या, आणि त्या रूट म्हणून चालतात, म्हणजे कंप्युटरच्या मालकाच्या वरचा जो मालक त्याच्या हक्कानं. त्या क्षणी ती स्क्रिप्ट काहीही करू शकते, दुसरा युजर बनवेल, एखादी सर्व्हिस लावून ठेवेल जी दर वेळी चालू होताना गुपचूप उठेल, मिंटच्या अपडेटच्या यादीत स्वतःचा पत्ता घालेल. नंतर अ‍ॅप काढलं तरी हे मागे राहू शकतं. तू म्हणशील की मी तपासतो. तपास, व्हार फोल्डरमधे लॉग, त्यात एपीटी, तिथल्या हिस्टरी फाइलीत कुठल्या दिवशी किती वाजता काय बसलं ते लिहिलेलं असतं, साडेबारा ते एकच्या मधलं बघ. पण त्या फाइलीतसुद्धा रूटला खाडाखोड करता येते, म्हणून ती बघून मन शांत करून घेऊ नकोस. चोरानं घराची किल्ली अर्धा तास वापरली असेल तर आपण कुलूप बदलतो, कपाट मोजत बसत नाही.

आणि दुसरं, मिंटचं नेहमीचं सॉफ्टवेअर मॅनेजर वापरून जे बसतं ते वेगळं आणि नेटवरून उतरवलेली डेब वेगळी. पहिल्यात प्रत्येक पॅकेजच्या यादीवर डिजिटल सही असते आणि एपीटी, म्हणजे मिंटचं प्रोग्राम बसवणारं साधन, ती सही जुळली तरच पुढे जातं. नेटवरच्या डेबला कोणी विचारणारं नाही. बाबांना दोन्ही वेळी खिडकी मात्र सारखीच दिसते, पासवर्डचा चौकोन तोच. खरी अडचण इथे आहे.

छप्पनचे_पोहे

दादा, पुसून परत टाकणं म्हणजे एवढ्याशा गोष्टीला जास्तच नाही का? एखादा चांगला अँटिव्हायरस टाकून स्कॅन मारला तर? लिनक्ससाठी क्लॅमएव्ही फुकट मिळतो ना.

जुना_डेबियन (इंदूर, सुदामा नगर)

मिळतो, पण त्याचं मूळ काम मेल सर्व्हरवरून जाणाऱ्या फाइली तपासायचं, आणि त्याच्याकडे ओळखीच्या खुणा बहुतेक विंडोजच्या व्हायरसच्या. तू लिनक्सवरून पेनड्राइव्हनं दुकानात झेरॉक्सला फाइली नेतोस, नातेवाइकांना पाठवतोस, तर त्यांच्या भल्यासाठी जरूर वापर. इथे जे बसलं ते व्हायरस नव्हतंच रे, ते रोज ऑफिसांमधे वापरलं जाणारं सरळमार्गी रिमोटचं अ‍ॅप असू शकतं. स्कॅनर त्याला काय म्हणणार, ते तर बाबांनी स्वतः बसवलं.

लिनक्सवर हल्ले होत नाहीत हेही खरं नाही. २०२५ च्या ऑगस्टमधे सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की एपीटी ३६ नावाची हॅकरांची टोळी (वरच्या एपीटीशी हिचा संबंध नाही) भारतातल्या सरकारी कार्यालयांत, जिथे सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आहे, तिथे पीडीएफसारख्या दिसणाऱ्या फाइली पाठवत होती. आयकॉन पीडीएफचा, नाव पीडीएफचं, पण प्रत्यक्षात ती डेस्कटॉप शॉर्टकटची फाइल, म्हणजे डबल क्लिक केलं की आत लिहिलेली कमांड चालते, आणि माणसाला संशय येऊ नये म्हणून समोर खरोखरची पीडीएफही उघडून दाखवते. म्हणजे बघ, लिनक्सच समोर ठेवून, भारतातल्याच माणसांसाठी केलेली गोष्ट.

सयाजीबाग (बडोदा)

मी एक वेगळी गोष्ट सांगते, सगळे रूट रूट करताहेत पण घरच्या कंप्युटरवर रूटकडे असतं काय? सिस्टिमच्या फाइली. त्या गेल्या तर तासाभरात परत येतात. आपलं जे खरं आहे, फोटो, पॅनकार्डचं स्कॅन, आयकराची पीडीएफ, फायरफॉक्सनं लक्षात ठेवलेले बँकेचे पासवर्ड, ते सगळं होम फोल्डरमधे असतं आणि ते न्यायला रूटचा पासवर्ड लागतच नाही. बाबांच्या नावानं चाललेला कुठलाही प्रोग्राम ते वाचू शकतो.

फायरफॉक्सचंच बघा. तो पासवर्ड एनक्रिप्ट करून ठेवतो हे खरं, पण ज्या किल्लीनं उघडतात ती किल्ली त्याच प्रोफाइल फोल्डरमधे शेजारी ठेवलेली असते. फोल्डर उचलून नेला की दुसरीकडे सगळं उघडतं. सेटिंगमधे प्रायमरी पासवर्ड म्हणून एक पर्याय आहे, तो लावला की मग ती किल्लीही कुलपात जाते. पंधरा सेकंदाचं काम आहे आणि मी ज्या ज्या घरी जाते तिथे कोणीच केलेलं नसतं. बँकेचा पासवर्ड तर ब्राउझरमधे ठेवूच नका. आमच्याकडे मी कीपास-एक्ससी लावलंय, सासऱ्यांना एकच मोठा पासवर्ड पाठ करावा लागतो, बाकीचे तो सांभाळतो, आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवर पण असते.

आणि मिंट २२ चा सिनॅमन डेस्कटॉप नेहमीच्या बसवणुकीत एक्स ११ वर चालतो, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या जुन्या पद्धतीवर, त्यात एका खिडकीतला प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेलं ऐकू शकतो, पासवर्डसुद्धा. वेलँड या नव्या पद्धतीत हे बंद केलंय पण मिंट २२ मधे ते प्रयोगाच्या पायरीवर आहे. म्हणून नको तो प्रोग्राम आतच येऊ न देणं इथे जास्त महत्त्वाचं.

रामबागेतला (इंदूर)

ताई, फायरफॉक्समधे सगळे पासवर्ड मीच सेव्ह करून दिले होते, बाबांना सोपं जावं म्हणून. आज प्रत्येक पासवर्ड बदलला, मोजले तर सतरा निघाले.

पुसून टाकायचं ठरवलं. रविवारी करतो. जुनं काय ठेवू, काय टाकू?

जुना_डेबियन (इंदूर, सुदामा नगर)

मिंटचा पेनड्राइव्ह बनव (तुझ्या कंप्युटरवर, बाबांच्या नाही), त्यावरूनच बूट कर, आणि बाहेरच्या डिस्कवर डॉक्युमेंट, पिक्चर, डाउनलोडमधलं जे ओळखीचं आहे ते उचल. टिंबानं सुरू होणारे लपलेले फोल्डर आणू नकोस. ऑटोस्टार्टचे शॉर्टकट, टर्मिनल उघडलं की चालणारी बॅश-आरसी फाइल, युजरच्या नावानं लावलेल्या सर्व्हिस, हे सगळं तिथेच असतं, तू पुसून नवं टाकशील आणि होम फोल्डर जसाच्या तसा परत ठेवशील तर त्यातून तेच परत यायचं. बुकमार्क हवे असतील तर फायरफॉक्समधून एचटीएमएल म्हणून वेगळे काढ.

पेनड्राइव्ह बनवायच्या आधी आयएसओ, म्हणजे मिंटची उतरवलेली इन्स्टॉलची फाइल, तपास. हे लोक हसण्यावारी नेतात म्हणून सांगतो, २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट फोडली होती. मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवली आणि तिथल्या आयएसओत मागचा दरवाजा घातलेला. मिंटच्या लोकांनी लपवलं नाही, लगेच जाहीर केलं, पण त्या दिवशी ज्यांनी उतरवलं त्यांच्याकडे पहिल्या मिनिटापासून चोर आत. आता बघ, चोरानं साइटच ताब्यात घेतली तर फाइल मूळचीच आहे का ते ओळखायला साइटवर लिहिलेला शा-२५६ चा आकडासुद्धा तो बदलू शकतो, म्हणून नुसता आकडा जुळवून थांबायचं नाही, त्या आकड्यांच्या फाइलीवर मिंटची जीपीजी ही डिजिटल सही असते ती जुळवायची. अलीकडच्या मिंटमधे आयएसओवर राइट क्लिक केलं की व्हेरिफाय असा पर्याय येतो, तो दोन्ही करतो, पाच मिनिटं लागत नाहीत.

लष्कर_ग्वाल्हेर

आणि नव्यानं टाकलंस की बाबांचं खातं स्टँडर्ड कर, अ‍ॅडमिन वेगळं ठेव, त्याचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे. यूझर्स अँड ग्रुप्समधे जाऊन अकाउंट टाइप बदलायचा, बस. मग बाबांनी कुठलीही डेब डबल क्लिक केली तरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल आणि तो त्यांना माहीतच नसेल. विषय संपला. अपडेटसाठी अपडेट मॅनेजरमधे एडिट, प्रेफरन्सेस, ऑटोमेशन, तिथे आपोआप अपडेट चालू करून टाक, म्हणजे बाबांना कधीच पासवर्ड मागणार नाही.

निवृत्त_खजिनदार (इंदूर, लोकमान्य नगर)

मी इथे फारसा लिहीत नाही, वय ७१, चौतीस वर्षं बँकेत काढली. लष्करकर, तुमचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. ज्या माणसानं आयुष्यभर घर चालवलं त्याच्या कंप्युटरची किल्ली मुलानं खिशात घातली आणि "तुम्हाला नको ते" म्हणालं की तो माणूस तो कंप्युटर वापरणं सोडतो. रामबागेतले म्हणताहेत की बाबा हात लावत नाहीत, ते भीतीनं नाही, लाजेनं आहे, हे मला लिहिलेलं वाचूनच कळलं.

आमच्या शाखेत तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या. एक मॅनेजरकडे, एक खजिनदाराकडे, म्हणजे माझ्याकडे. दोघं समोर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. मॅनेजरची किल्ली नसताना माझी निरुपयोगी, माझी नसताना त्यांची. रोज सकाळी दोघं जण, आणि त्यात कुणाला कधी वाटलं नाही की आपल्यावर अविश्वास आहे, उलट एकट्यावर आळ येत नाही म्हणून रात्री झोप लागायची. ज्या दिवशी मॅनेजर रजेवर जायचे त्या दिवशी किल्ली सही घेऊन दुसऱ्याला द्यायचे, ती नोंद रजिस्टरला असायची.

तुमच्या घरात त्या दिवशी नेमकं हेच झालं. पासवर्ड बाबांकडे होता, ओटीपी आईकडे. दुसरी किल्ली होती म्हणून पैसे वाचले. मग कंप्युटरलाही तसंच का करत नाही? अ‍ॅडमिनचा पासवर्ड अर्धा बाबांना ठाऊक, अर्धा आईंना. ज्या वेळी खिडकी मागेल त्या वेळी दोघांनी बसून, हे काय मागतंय आणि का मागतंय ते वाचून, मग टाकायचं. मुलगा तिसरा, त्याच्याकडे पाकिटात बंद करून पूर्ण पासवर्ड, अडीनडीला.

सयाजीबाग (बडोदा)

काका, वाचून अंगावर शहारा आला. हे मी आमच्या घरी उद्याच करतेय.

जुना_डेबियन (इंदूर, सुदामा नगर)

नमस्कार काका. पटलं, मनापासून. फक्त प्रत्येक अर्धा भाग लांब ठेवा, तीन-तीन शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, म्हणजे एक अर्धा कुणी काढून घेतला तरी दुसरा अंदाजानं सापडणार नाही.

आणि स्टँडर्ड खातं केलं म्हणून अपडेट ढिले सोडू नका. २६ जानेवारी २०२१ ला सुडो या प्रोग्राममधलाच एक दोष जाहीर झाला, हा तोच सुडो जो पासवर्ड विचारतो. दोष २०११ पासून त्यात पडून होता, साडेनऊ वर्षं, आणि त्यातून सुडोचा हक्क नसलेला साधा युजरसुद्धा रूट होऊ शकत होता. म्हणजे स्टँडर्ड खात्याची सगळी भिंत त्या एका भोकातून आरपार. दुरुस्ती त्याच दिवशी आली. ज्यांचे अपडेट आपोआप होतात त्यांना पत्तासुद्धा लागला नाही, आणि ज्यांच्या कोपऱ्यातली ढालीची खूण महिनोन्महिने अपडेट बाकी असल्याचं दाखवत बसलेली असते त्यांची मला आजही काळजी वाटते. कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) अपडेट आला की कंप्युटर एकदा बंद करून चालू करा, तोवर जुनाच कर्नल चालत असतो. काही जण महिना महिना नुसतं सस्पेंड करून झाकून ठेवतात, त्यांनी विशेष लक्ष द्या.

छप्पनचे_पोहे

पण मग ओपन सोर्सचं काय, कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सुरक्षित असं आपण म्हणतो ना. साडेनऊ वर्षं कुणाला दिसलं नाही?

जुना_डेबियन (इंदूर, सुदामा नगर)

दिसू शकतो म्हणजे बघितला जातोच असं नाही. पण बघणारा असला तर तो बघू शकतो ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि त्याचं उदाहरण २९ मार्च २०२४ चं. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समधे असते, सांभाळणारा एकटा थकलेला माणूस. जिया टॅन या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ तिथे चांगलं काम केलं, विश्वास कमावला, सांभाळायचे हक्क मिळवले, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा घातला, तोही असा की नेहमीच्या कोडमधे दिसू नये, चाचणीच्या फाइलींमधे लपवलेला. पकडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, त्याला एसएसएच (दुरून दुसऱ्या कंप्युटरमधे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्यानं खणत खणत मुळापर्यंत जाऊन सगळं उघड केलं, कारण कोड त्याला उघडता येत होता.

घरच्यासाठी यातून घ्यायचं एवढंच की त्या आवृत्त्या डेबियन टेस्टिंग, फेडोराच्या चाचणी आवृत्त्या अशा ठिकाणी पोचल्या होत्या, डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएस (लांब मुदतीपर्यंत अपडेट मिळणारी आवृत्ती) अशी स्थिर लिनक्स वापरणाऱ्यांपर्यंत आल्या नाहीत. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ एलटीएसवर उभं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. बाबांच्या कंप्युटरवर तेच राहू दे, नवीन नवीन करत बसू नको.

लष्कर_ग्वाल्हेर

काका, तुमचं वाचून मी माझं म्हणणं मागे घेतो. आमच्या बाबांचा पासवर्ड मी गेली चार वर्षं खिशात घालून हिंडतोय, आणि ते गेली चार वर्षं फक्त पत्ते खेळतात त्यावर.

फायरवॉलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फायरवॉल म्हणजे नेटवरून आत-बाहेर होणाऱ्या जोडण्यांवरचा पहारेकरी, मिंटमधे आणि उबुंटूमधे यूएफडब्ल्यू नावाचा बसवलेला असतो पण बंद असतो. मेनूत फायरवॉल कॉन्फिगरेशन शोधायचं, स्टेटसचं बटण चालू करायचं, आत येणारं डिनाय आणि बाहेर जाणारं अलाउ, झालं. बाबांच्या प्रसंगात यानं काही थांबलं नसतं कारण रिमोटवाली अ‍ॅप आतून बाहेर जोडणी करतात, पण सप्टेंबर २०२४ मधे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सर्व्हिसमधे दोष निघाला होता, ६३१ पोर्टवर (नेटवरून आत यायचं एक नंबराचं दार) कुणीही खोटा प्रिंटर म्हणून हजर होऊ शकत होता, अशा वेळी बंद दार असलेलं बरं. आता बऱ्याच ठिकाणी आयपीव्ही ६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, मिळतं त्यात प्रत्येक कंप्युटरला बाहेरून दिसणारा पत्ता असतो, सगळं ओझं राउटरवर टाकू नका. आणि त्या राउटरचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.

अवंतिका_प्रवासी

लॅपटॉपवाल्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी इंदूरहून मुंबईला येताना रात्री बर्थच्या खालून माझी बॅग गेली. लॅपटॉपवर उबुंटू, लॉगिनला चांगला कडक पासवर्ड, म्हणून पहिले दोन दिवस मी निवांत होते. मग ऑफिसातल्या एकानं त्याच्या लॅपटॉपवर करून दाखवलं, लाइव्ह पेनड्राइव्ह लावला, बूट केला, फाइल मॅनेजर उघडला आणि समोर त्याचा पूर्ण होम फोल्डर, बायकोचे फोटो, सगळं. पासवर्ड विचारलासुद्धा नाही. माझ्या मुलीच्या जन्मापासूनचे फोटो कुणा अनोळखी माणसाकडे उघडे पडलेत हा विचार अजून जात नाही.

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा इन्स्टॉल करतानाच एलयूकेएस एनक्रिप्शन लावलं, म्हणजे पूर्ण डिस्कच कुलपात. नंतर लावणं फार किचकट, सुरुवातीलाच अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्समधे तो पर्याय असतो. दोन गोष्टी, पासफ्रेज रोमन अक्षरांतच ठेवा कारण बूटच्या वेळी मराठी कीबोर्ड मिळेल याचा भरवसा धरू नका, आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. ते विसरलं तर जगातलं कोणी उघडून देऊ शकत नाही.

सयाजीबाग (बडोदा)

अवंतिका, फार वाईट वाटलं गं.

फोटोंवरून आठवलं. माझ्या दिरांनी टाइमशिफ्ट (सिस्टिम आधीच्या अवस्थेत परत नेणारं साधन) लावून ठेवलं होतं, रोजचा स्नॅपशॉट, आणि त्यांची पक्की समजूत की बॅकअप आहे. दांडिया बाजारातलं त्यांचं घर, उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली, एसएसडी एका दुपारी गेली. टाइमशिफ्ट नेहमीच्या सेटिंगमधे होम फोल्डर घेतच नाही, फक्त सिस्टिम घेतं, आणि त्यांचं तर त्याच डिस्कवर होतं. लग्नाचा अल्बम गेला, सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग गेलं, सासूबाई आता नाहीत. त्यामुळे पाया पडून सांगते, बाहेरची डिस्क घ्या, मिंटचं बॅकअप टूल किंवा डेजा-डूप काहीही चालवा, आणि झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवा, लावून ठेवू नका. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा.

रामबागेतला (इंदूर)

सोमवार. सांगायला आलो.

काल सकाळी पोहे झाले आणि बसलो. आयएसओ व्हेरिफाय करून घेतली, सही जुळली. बाबा आधी आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी काकांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, खजिनदाराच्या किल्लीचा पूर्ण भाग. बाबा उठून आले, चष्मा लावून स्वतः परत वाचला, मग खुर्ची ओढली आणि म्हणाले, चल, दाखव.

पूर्ण पुसलं. नवीन मिंट टाकलं. बाबांचं स्टँडर्ड खातं, अपडेट ऑटोमेशनवर, फायरवॉल चालू, फायरफॉक्सला प्रायमरी पासवर्ड, बँक ब्राउझरमधे सेव्ह नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड सहा शब्दांचा, पहिले तीन बाबांनी ठरवले, मला बाहेर काढून, पुढचे तीन आईनं, बाबांना बाहेर काढून. मग दोघांनी आपापला कागद एकाच पाकिटात घालून माझ्याकडे दिला. बाबांनी पाकिटाच्या जोडावर सही केली, तारीख घातली.

जीवन प्रमाणपत्र आज बँकेत जाऊन दिलं, दोघं गेले होते.

एक अडचण. आईच्या मोबाइलमधले फोटो वॉर्पिनेटर या फाइली पाठवायच्या प्रोग्रामनं कंप्युटरवर यायचे ते आता येत नाहीत, मोबाइल दिसतच नाही. फायरवॉल चालू केल्यापासून.

लष्कर_ग्वाल्हेर

वॉर्पिनेटरला ४२००० आणि ४२००१ हे पोर्ट लागतात. फायरवॉलमधे रूल अ‍ॅड करून हे दोन उघड, पण कुठूनही नाही, फक्त घरच्या नेटवर्कवरून, फ्रॉमच्या जागी घरचा पत्ता टाक, १९२.१६८ नं सुरू होणारा असेल, राउटरवर बघून घे.

रामबागेतला (इंदूर)

झालं. मी ऑफिसात होतो, फोनवर सांगत होतो. फायरवॉल उघडताना पासवर्ड मागितला तर बाबा म्हणाले थांब, आधी वाचू दे काय लिहिलंय. वाचलं. मग त्यांनी त्यांचे तीन शब्द टाकले, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आईनं विचारलं तुमचे टाकून झाले ना, तिकडे बघा आता, आणि तिचे तीन शब्द एकेक अक्षर शोधत टाकले. दुसऱ्या प्रयत्नाला लागला. रूल पडले, मोबाइल दिसला, नातवाच्या वाढदिवसाचे फोटो आले.